इंजिन फिरतं, पण पेटत नाही

रत्नागिरीत जुन्या ट्रकचं वर्ष एकसारखं जात नाही. मार्च ते मे त्याला उसंत नसते. आंब्याच्या पेट्या संध्याकाळी भरायच्या, रात्रीतून महामार्ग कापायचा आणि पहाटे वाशीच्या बाजारात उभं राहायचं. मिरकरवाड्याची मासळी, बर्फ, जांभ्याचा चिरा, आंबा घाटातून वर-खाली होणारा किराणा आणि भाजीपाला यांच्या खेपा वेगळ्याच. मग पाऊस लागतो. चिऱ्याच्या खाणींत पाणी साचतं, १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, आंबा तर संपलेलाच असतो. ट्रक कुठेतरी माडाखाली ताडपत्री ओढून उभा राहतो आणि त्याच्यावर तीन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. नारळी पौर्णिमा होते, गणपती जवळ येतात, भाडं ठरतं, मालक किल्ली फिरवतो, आणि गाडी उठत नाही.

त्यानंतरच्या पहिल्या तासात काय केलं जातं, यावर पुढचा खर्च ठरतो. बहुतेक ठिकाणी बॅटरीचा जीव जाईपर्यंत सेल्फ मारला जातो. मग कोणीतरी नोझल खोलतो, कोणीतरी ‘पंप गेला’ म्हणतो, पंप उतरवला जातो, हजारो रुपये जातात आणि शेवटी दोष निघतो तो वीस रुपयांच्या तांब्याच्या वायसरमध्ये. हे टाळता येतं. यांत्रिक पंपाचं जुनं डिझेल इंजिन काहीच लपवत नाही. त्याला योग्य क्रमाने प्रश्न विचारले, तर आवाज, धूर, ओल आणि ऊब यांतून ते स्वतःच दोषाची जागा दाखवतं. या प्रकरणात तो क्रम पाहायचा आहे. पाना हातात घ्यायचा तो त्यानंतर.

उदाहरणासाठी आपण टाटाचा जुना ट्रक घेऊ, कारण कोकणात तोच सर्वाधिक दिसत आला. टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १५ वर्षांनी, १९६९ मध्ये, करार संपला. जाळीवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटांचं चिन्ह आलं, पण इंजिनाची जातकुळी तीच राहिली. या इंजिनांच्या क्रमांकातच त्यांची ओळख असते. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलीमीटर. ४०७ टेम्पोत बसणारं ४९७ म्हणजे तोच व्यास, पण सिलिंडर चार. ६९७ चं एकूण आकारमान ५,६७५ घनसेंटीमीटर भरतं. हा आकडा पुढे लागणार आहे. लेलँडवाल्यांनीही हे प्रकरण वाचावं, कारण नळ्या आणि नट वेगळ्या जागी असले तरी विचाराची दिशा तीच आहे.

आता या इंजिनाला पेटायला काय लागतं? पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, इथे ती नाही. पॅरिसमध्ये १८५८ साली जन्मलेल्या रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने ठिणगीच काढून टाकली. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारायचं, ही त्याची कल्पना. १८९७ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याच्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामात आणून दाखवली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही शक्य नव्हतं. आपल्या ६९७ मध्ये हवा १७ पट दाबली जाते. गणित केलं तर ३० अंशांची हवा ५०० अंशांच्या पुढे जाते. डिझेल पेटायला सव्वादोनशे-अडीचशे अंश पुरतात. म्हणजे भरपूर शिल्लक आहे, पण एका अटीवर: हवा झटक्यात दाबली गेली पाहिजे. पिस्टन रेंगाळत वर आला तर उष्णता सिलिंडरच्या गार भिंतींत शिरते, हवा रिंगांच्या फटींतून निसटते आणि शिल्लक संपते.

यातून तीन मागण्या निघतात. इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, हवा नीट दाबली गेली पाहिजे, आणि शुद्ध डिझेल योग्य क्षणी, योग्य दाबाने आत आलं पाहिजे. चौथी मागणी नाही. परदेशी पुस्तकं पहिल्याच पानावर थंडीचा विषय काढतात, हीटर प्लगचा आणि गोठणाऱ्या डिझेलचा. रत्नागिरीत डिसेंबरच्या पहाटेही पारा सहसा पंधराच्या खाली जात नाही. इथल्या गाडीवाल्याने थंडीला दोष देणं सोडावं. त्याचे शत्रू खारी हवा, दमटपणा आणि उभं राहणं हे आहेत.

आधी ऐका

किल्ली फिरवली की काय ऐकू येतं? काहीच नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. एकच जोरदार ‘टक्’ आणि मग शांतता, तर सोलेनॉइडने हालचाल केली, पण मोटर फिरवण्याइतका प्रवाह मिळाला नाही, किंवा सोलेनॉइडचे आतले तांब्याचे संपर्क जळाले आहेत. भराभर टकटक होत असेल तर बॅटरी रिकामी आहे. मोटर घरघर फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्सचं दातरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरत नाही. आणि इंजिन फिरतं, पण कण्हत कण्हत, तर थांबा. अशा वेळी डिझेलच्या वाटेकडे वळू नका. वर सांगितलेली शिल्लक इथेच खर्च होते आहे.

ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात, मिळून २४. दोन्ही एकत्र मोजणं ही नेहमीची चूक आहे, कारण चांगली बॅटरी वाईट बॅटरीला झाकते. प्रत्येक वेगळी मोजा. स्वस्थ उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. एक साडेदहावर टिकली आणि दुसरी साडेनऊच्या खाली घसरली, तर दोषी सापडली.

कोकणात मात्र बॅटरी बदलण्यापूर्वी तिच्या टोकांकडे पाहायचं. समुद्राची खारी हवा आणि आम्लाची वाफ यांतून टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा जमतो. तो गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवायचा, धातू चकचकीत होईपर्यंत घासायचा, घट्ट आवळायचं आणि वरून ग्रीस लावायचं. खोलताना अर्थची वायर आधी काढायची आणि जोडताना शेवटी जोडायची, म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ बिडी पेटवू नये, हे प्रत्येक क्लीनरला शिकवलं पाहिजे.

भुगा निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणारा दोष अर्थचा, आणि माझ्या मते पावसाळा काढलेल्या गाडीत सर्वांत आधी संशय घ्यावा तो त्याचाच. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं. म्हणजे सांगाड्यातून इंजिनात वीज जायला धातूची वाट एकच, ती जाड विणलेली पट्टी. तिच्या बोल्टाखाली गंज चढला की वाट अरुंद होते. सेल्फ ओढतो शेकडो अँपिअर. ४०० अँपिअर प्रवाहाच्या वाटेत ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा आला, तरी ४ व्होल्ट तिथेच गिळले जातात. दिव्याला तेवढ्या अडथळ्याची जाणीवही होत नाही. म्हणून ‘हेडलाइट तर झकास लागतात’ हा पुरावा धरायचा नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरं थेट इंजिनाच्या धातूवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी खोलून दोन्ही टोकं घासा. मीटर नसेल तर आणखी एक खूण आहे. मुख्य वाट बंद झाली की प्रवाह आडवाटा शोधतो, आणि इंजिनाला जोडलेल्या धातूच्या आडवाटा म्हणजे एक्सलेटरची आणि स्टॉपरची केबल. सेल्फ मारल्यावर स्टॉपरची केबल हाताला गरम लागली, तर निदान पूर्ण झालं.

इथे दोन सवयींबद्दल कडक बोलायला हवं. पहिली, सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना आडवा टाकून गाडी उठवण्याची. हे करणारा माणूस चाकाच्या शेजारी खाली वाकलेला असतो. गाडी गियरमध्ये राहिली असेल तर ती पुढे सरकते, आणि यात माणसं गेली आहेत. न्यूट्रल, हँडब्रेक आणि चाकांना दगड, या तिन्हीची खात्री केल्याशिवाय सेल्फला हात लावू नये.

दुसरी सवय उताराची. बॅटरी मेली की भरलेली गाडी उतारावर सोडून गियरमध्ये उचलायची, ही रीत घाटांच्या प्रदेशात जुनी आहे. पण जड ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, आणि इंजिन बंद आहे. रात्रभर उभ्या गाडीची हवेची टाकी बहुधा उतरलेली असते. इंजिन उठलं नाही, तर तुमच्याकडे टनावारी वजन आहे, उतार आहे आणि ब्रेक नाहीत. आंबा घाटात किंवा परशुराम घाटात हे करण्यापेक्षा भाडं बुडालेलं परवडलं. दुसऱ्या ट्रकच्या बॅटऱ्यांवरून वायर टाकून गाडी उठवा.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबावं, नाहीतर मोटरची वेटोळी जळतात. ही विश्रांती वाया जात नाही. त्या वेळात मागे जाऊन सायलेन्सरचं तोंड पाहायचं असतं.

धूर काय सांगतो

इंजिन झोकात फिरतंय आणि तरी पेटत नाही, असं असेल तर पुढचा प्रश्न एकच: सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर निघतो का?

धूर अजिबात नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल जातच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघत असेल तर डिझेल जातंय, पण पेटत नाही. तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ आणि बारीक थेंब. या एका निरीक्षणाने अर्धं इंजिन संशयातून मुक्त होतं. धूर न पाहताच नोझल खोलणाऱ्या मिस्त्रीच्या हाती गाडी देऊ नये, इतकं मी याला महत्त्व देतो.

धूर नाही, हा प्रकार अधिक वेळा घडतो. अशा वेळी सर्वांत आधी पाहायचा तो स्टॉपर. जुन्या ट्रकमध्ये इंजिन बंद करायला दोरी ओढावी लागते आणि ती पंपावरचा छोटा दांडा ‘बंद’ बाजूला नेते. दोन-तीन महिन्यांच्या दमट हवेत केबल आतून गंजते, मूठ आत ढकलली तरी दांडा मागे येत नाही. पंपाजवळ जाऊन दांडा बोटाने पाहा, सैल आहे का, पूर्ण परत येतो का. नंतरच्या गाड्यांत हेच काम विजेवरचं सोलेनॉइड करतं, त्याची वायर उंदराने कुरतडली की परिणाम तोच. मग टाकी. काट्यावर विश्वास न ठेवता काठी घालून डिझेल मोजा. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यात कुंभारीण मातीचं घर करते. मग गाडी उठते, थोडी चालते आणि गळा दाबल्यासारखी बंद पडते, कारण टाकीत हवा शिरत नाही म्हणून डिझेल बाहेर येत नाही. झाकण सैल केल्यावर ‘फस्स’ झालं, की कारण कळलं.

हवा

आणि मग ते कारण, ज्याच्यासाठी हे प्रकरण लिहिलं असं म्हटलं तरी चालेल. गॅरेजच्या भाषेत ‘गाडीने एअर घेतली’.

हवेचा एवढासा बुडबुडा एवढं मोठं इंजिन का थांबवतो, हे समजून घेण्यासारखं आहे. डिझेल फवारणारं नोझल एका कडक स्प्रिंगने मिटलेलं असतं आणि अशा थेट फवारणीच्या इंजिनात ते उघडायला २०० पटींच्या आसपास वातावरणाचा दाब लागतो. पंपातला लहानसा दट्ट्या डिझेलला ढकलतो. डिझेल द्रव आहे, ते जवळजवळ दबत नाही, म्हणून दट्ट्याचा धक्का नळीतून थेट नोझलपर्यंत जातो आणि ते उघडतं. दर फवाऱ्याला जाणारं डिझेल मोजलं तर भरल्या भारातही साधारण एक थेंब. आता नळीत बुडबुडा आहे. हवा दबते. दट्ट्याची सगळी हालचाल बुडबुडा लहान करण्यात जाते, दाब दोनशेला पोचत नाही, नोझल मिटलेलंच राहतं. दट्ट्या मागे आला की बुडबुडा पुन्हा फुगतो. इंजिन तासभर फिरवलं तरी हेच चालू राहील.

हे पंप मुळात नवल वाटावं असे आहेत. डिझेलच्या पहिल्या इंजिनांत इंधन फुंकायला वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागत असे, त्यामुळे ती इंजिनं कारखान्यात आणि जहाजातच राहिली. रॉबर्ट बॉशच्या कंपनीने १९२७ पासून दाबाचे पंप मोठ्या संख्येने बनवले आणि ट्रकमधलं डिझेल इंजिन सर्वत्र शक्य झालं. भारतात त्यासाठी १९५१ साली बंगळूरला मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, उभी राहिली. पुढे नाशिकच्या कारखान्यात नोझल बनू लागली. कंपनीचं नाव बदलून आता बॉश झालं, पण पंपवाल्यांच्या तोंडी मायकोच आहे. दट्ट्या आणि त्याची नळी यांतली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणून या जोड्या एकमेकींत बदलता येत नाहीत, आणि म्हणूनच रस्त्याच्या कडेला पंप खोलणं हा गुन्हा मानावा.

हवा शिरते कुठून? टाकी पंपाच्या खाली असते. फीड पंप डिझेल वर ओढतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ‘ओढीची’, तिथून पुढे फिल्टर आणि मुख्य पंपापर्यंतची ‘दाबाची’. दाबाच्या बाजूला फट असेल तर डिझेल बाहेर पाझरतं, ओल दिसते, धूळ चिकटते. ओढीच्या बाजूला फट असेल तर बाहेर काहीच येत नाही, उलट हवा आत जाते. म्हणजे जी नळी कोरडी आणि निर्दोष दिसते, तिच्यावरच संशय घ्यायचा. रात्री बंद केलेली गाडी सकाळी उठायला त्रास देते आणि दिवसभर नीट चालते, ही याच दोषाची लक्षणं. फटीतून हवा शिरते आणि वर चढलेलं डिझेल रात्रभरात टाकीत परत उतरतं.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. स्वच्छ डिझेलचा छोटा डबा पंपाच्या वर टांगा आणि त्याची नळी थेट फीड पंपाला जोडा. हवा काढून गाडी उठली आणि बिनतक्रार चालू राहिली, तर दोष टाकी ते फीड पंप या वाटेत आहे आणि पंप-नोझल यांना हात लावायचं कारण नाही. मग रबरी नळीच्या चिरा, गंजलेली नळी आणि जोडावरचे वायसर तपासा. हे वायसर तांब्याचे असतात आणि एकदा दाबले गेले की कडक होतात, पुन्हा वापरले तर फट ठेवतात. नवे नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, ते परत मऊ होतात. पोलादाचं याच्या उलट होतं, म्हणून अनेकांना हे खोटं वाटतं, पण तांब्याचा स्वभावच तसा आहे.

हवा काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करायचा आणि फीड पंपाचा हातपंप मारत राहायचं. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड स्वच्छ डिझेल. डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. मग हेच मुख्य पंपावरच्या स्क्रूला. हातपंप मारताना हाताला काही जाणवतच नसेल, तर फीड पंपाच्या झडपा बसत नाहीत, खोलून धुतल्या की बहुतेकदा जमतं. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा-एक फेरा सैल करून सेल्फ मारायचा. प्रत्येक नटापाशी डिझेल उसळायला लागलं की एकेक आवळत यायचं. बरेचदा तिसरा-चौथा नट आवळतानाच इंजिन दोन-तीन सिलिंडरांवर धडधडायला लागतं.

या शेवटच्या पायरीला चेहरा लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा असू द्या, आणि फवारा येतो का हे पाहायला नोझलच्या तोंडासमोर हात कधीही धरू नका. त्या दाबाचं डिझेल सुईसारखं कातडीतून आत घुसतं. बाहेर बारीक टोचल्याची खूण दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत आतलं मांस सडू लागतं. असं झालं तर घरी हळद लावून बसू नका, तडक शल्यचिकित्सकाकडे जा आणि ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. बोट वाचणं वेळेवर अवलंबून असतं.

पावसाळा काढलेल्या टाकीत हवेसोबत पाणीही असतं. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री गार होते, दमट हवा आत ओढते आणि आतल्या पत्र्यावर दव धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि ओढीच्या नळीचं तोंडही तळाजवळच असतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा काळा बुळबुळीत थर फिल्टर बुजवतो. म्हणून गाडी उठवण्यापूर्वी टाकीचा तळाचा बोल्ट आणि फिल्टरची वाटी सोडून पहिलं लिटरभर काचेच्या बाटलीत घ्या, पंधरा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत पाण्याने गंज धरला तर पंपाचा खर्च अटळ आहे. गाडी उभी करून ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी, हे जुन्या मालकांचं सांगणं अगदी बरोबर आहे. हवेला जागाच राहत नाही.

आता दुसरी शाखा. पांढरा धूर येतोय, इंजिन वेगात फिरतंय, आणि पेटत नाही. इथे तीनच मुख्य शक्यता. पंप नुकताच दुरुस्तीहून येऊन बसवला असेल तर टायमिंग चुकलं आहे, दुसरं काही शोधू नका. गाडी वर्षानुवर्षं तेल खात होती आणि ब्रीदरमधून धूर टाकत होती तर रिंगा आणि लायनर झिजलेत, हवा दाबली जात नाही. आणि सगळं बरं असलेली गाडी उभी राहून अशी झाली असेल, तर एखादा व्हॉल्व्ह गंजून उघडा अडकला असेल किंवा एअर क्लीनरमध्ये उंदराने घर केलं असेल. टॅपेट कव्हर उघडून इंजिन हाताने फिरवलं तर अडकलेला व्हॉल्व्ह डोळ्यांना दिसतो. कॉम्प्रेशनचा मीटर लावून प्रत्येक सिलिंडर मोजणं उत्तम. एकच कमी निघाला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, सगळेच कमी निघाले तर इंजिनाचं वय झालं.

थकलेल्या इंजिनाला हवेच्या वाटेतून ईथरचा फवारा किंवा पेट्रोलचा बोळा दाखवून उठवण्याचा मोह होतो. ईथर पिस्टन वर पोचायच्या आधीच स्फोटासारखं पेटतं आणि रिंगा मोडतात. दुसरा धोका अशा झिजलेल्या इंजिनातच असतो. कधी कधी ते डिझेलऐवजी स्वतःचं इंजिन ऑईल ओढून जाळायला लागतं आणि बेफाम वेग घेतं. किल्ली काढली, स्टॉपर ओढला तरी ते थांबत नाही, कारण त्याचं इंधन पंपातून येतच नाही. त्याची हवा तोडणं हा एकच उपाय आहे. एअर क्लीनरच्या तोंडावर जाड फळी किंवा पत्रा दाबायचा, हात नाही. जुनी गाडी पहिल्यांदा उठवताना असा पत्रा जवळ ठेवावा.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना यातलं बरंच लागू होत नाही. तिथे दाब हजार वातावरणांच्या पुढे असतो, नट सैल करून हवा काढणं जिवावर बेतू शकतं, आणि संगणक जोडून दोषांक वाचावा लागतो. बॅटरी, अर्थ आणि पाण्याचे प्रश्न मात्र त्यांनाही चुकलेले नाहीत.

पाण्यात गेलेली गाडी

एक प्रसंग असा आहे की वरचं सगळं बाजूला ठेवून किल्लीला हातच लावायचा नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं. बाजारपेठेतल्या गाड्यांसोबत एसटीच्या आगारातल्या बसही पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर माणसाला पहिली इच्छा होते ती ‘चालू होते का बघू’ ही. ती इंजिनाचा घात करते, आणि का ते साध्या भागाकाराने दाखवता येतं.

६९७ चं ५,६७५ घनसेंटीमीटर सहांत वाटलं तर एका सिलिंडरचे सुमारे ९४६. हवा १७ पट दाबली जाते, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असताना उरलेली जागा ९४६ चा सोळावा भाग, सुमारे ५९ घनसेंटीमीटर. पाणी दबत नाही. म्हणून एका सिलिंडरमध्ये ५९ मिलीलिटरांहून जास्त, म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहापेक्षाही कमी पाणी शिरलं असेल, तरी पिस्टन वर जाऊ शकत नाही. सेल्फचा जोर लागला की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन पेटून वेग घेतल्यावर हेच घडलं तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

बुडालेल्या गाडीची आधी अर्थची वायर काढा. सहाही नोझल उतरवा. चेंबरचं ऑईल सोडा. ते दुधाळ निघालं तर पाणी आत गेलं होतं हे नक्की. आता टॉमी लावून इंजिन हाताने सावकाश फिरवा, नोझलच्या भोकांतून पाणी बाहेर पडू द्या, थेंब यायचे थांबेपर्यंत. भोकांतून थोडं स्वच्छ इंजिन ऑईल सोडून पुन्हा काही फेरे द्या, म्हणजे लायनरवर गंज धरत नाही. हे पाणी ओसरल्यापासून एक-दोन दिवसांत व्हायला हवं, नंतर रिंगा चिकटतात. एअर क्लीनर, डिझेलची टाकी, दोन्ही फिल्टर रिकामे करून धुवा, सेल्फ आणि अल्टरनेटर खोलून वाळवा, गियरबॉक्स आणि मागच्या हौसिंगचं तेलही बदला, कारण त्यांच्या ब्रीदरमधूनही पाणी शिरतं. मग नवं ऑईल, नवे फिल्टर घालून, हवा काढून गाडी उठवा, वीस मिनिटं कमी वेगावर चालवा, आणि ते ऑईल गरम असतानाच पुन्हा सोडा. ते दुधाळ यायचं थांबेपर्यंत हे करत राहायचं, मग दोनदा करावं लागो की चारदा.